पट्टीवर चढलेलं तेल

दादाची बोट हातात आली तर आपल्याला काय काय मिळेल, याचा हिशेब धाकट्याने दादाच्या आजारपणातच मनाशी मांडून ठेवला होता. बोट मिळणार होतीच, पण ती त्या हिशेबातली सगळ्यात किरकोळ बाब. सुकाणूमागची उंच खुर्ची मिळणार होती. तिच्यावर बसलं की खाडीचे दोन्ही काठ आपल्या मालकीचे वाटतात. धक्क्यावरून जाताना लोक बाजूला होऊन वाट देणार होते. आणि मुख्य म्हणजे नाव मिळणार होतं. पन्नाशी उलटली, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी सगळा धक्का त्याला 'धाकटा' म्हणूनच हाक मारायचा. थोरल्याने सुकाणू धरायचं आणि धाकट्याने इंजिन सांभाळायचं, अशी वाटणी वडिलांनी केली तेव्हा दोघांनाही धड मिसरूड फुटलं नव्हतं. तेव्हापासून थोरल्याच्या तोंडावर वारा आणि धाकट्याच्या तोंडावर काजळी. प्रवासी उतरताना थोरल्याला हात करायचे. धाकटा तेव्हा इंजिनाच्या खोक्यात डोकं घालून बसलेला असायचा, त्यामुळे लोकांना त्याची पाठच ओळखीची.

दादा गेला. आता बोट आपसूक आपल्याकडे येणार असं धाकट्याने गृहीत धरलं होतं. पण वहिनीने डोळे पुसले, दादाची टोपी डोक्यावर घातली आणि स्वतःच सुकाणू धरलं. लग्न झाल्यापासून ती दादाशेजारी तिकिटं फाडायला बसायची. फाडता फाडता ती बोट चालवायला शिकली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"जमेल तोवर मी चालवते, भाऊजी," ती म्हणाली. "नाही जमलं तर तुमच्याशिवाय कुणाला देणार? बोट घराबाहेर जायची नाही, एवढं नक्की."

ऐकणाऱ्यांना यात माया दिसली. धाकट्याला त्यातले तीनच शब्द ऐकू आले. नाही जमलं तर.

मग एक दिवस इंजिन काळा धूर ओकायला लागलं. पलीकडच्या काठावर प्रवासी उतरवून परत निघावं, तर गरम इंजिन सुरूच होईना. खोक्याचं झाकण उघडलं की पेट्रोलचा वास नाकात शिरायचा. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल लाळेसारखं गळत होतं. दादा गेल्यापासून धाकटा बोटीवर न जाता आपल्या वर्कशॉपमध्येच मिस्त्रीकाम करत बसायचा. वहिनीने बोट कशीबशी धक्क्याला लावली आणि त्याला बोलावणं पाठवलं.

धाकटा आला, खोक्यापाशी उकिडवा बसला. वहिनी शेजारी बॅटरी धरून उभी राहिली. त्याने आधी प्लग काढले. ते काळे आणि ओले होते. चोकची पट्टी पूर्ण उघडते की नाही, ते पाहिलं. उघडत होती. हवेची जाळी काढून झटकली. तीही साफ होती. मग त्याने कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली. ती काठोकाठ भरलेली. पेट्रोल आत सोडणारी सुई त्याने काढली, फुंकर मारली, उजेडात फिरवून बघितली. सुईत काही खोट नव्हती. राहता राहिला फ्लोट. हा पितळेचा पोकळ डबा, मुठीत सहज मावेल एवढा. वाटीतल्या पेट्रोलवर तो तरंगतो आणि पेट्रोल पुरेसं झालं की वर उचलला जाऊन सुई दाबतो, म्हणजे पेट्रोलची वाट बंद. आयुष्यात त्याला एवढं एकच काम. धाकट्याने तो कानाशी नेऊन हलवला. आत खळखळलं. जो डबा कोरडा असायला हवा, तो अर्धा भरला होता. जड झालेला डबा तरंगणार कसा, आणि तो तरंगला नाही तर सुई दाबणार कोण?

"काय झालंय हो?" वहिनीने विचारलं.

धाकट्याने फ्लोट फडक्यात गुंडाळला. "कचरा आहे. घरी नेऊन साफ करतो आणि सकाळी बसवतो."

घरी बायको स्वयंपाकाला लागली होती. त्याने शेगडीवरच्या कढत पाण्यात फ्लोट सोडला आणि चमच्याने तळाशी दाबून धरला. पितळेच्या जोडावरून बारीक बुडबुड्यांची माळ वर यायला लागली.

"भोक आहे," बायको म्हणाली. मिस्त्रीच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर तेवढं तिलाही कळत होतं.

"आहे."

"मग डाख देऊन बुजवा. नाहीतर त्या भंगारातल्या इंजिनाचा तुम्ही जपून ठेवलाय ना डब्यात, तो घाला. तसाच दिसतो."

"बघू."

"बघू काय? मिनिटाचं काम."

"तू भाजीकडे बघ. करपतेय."

भाजी करपत नव्हती. बायकोने एकदा भाजीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि शेगडी उगाचच बारीक केली.

कढत पाण्याने एक गोष्ट साधते. आतलं पेट्रोल वाफ होऊन निघून जातं, डबा हलका होतो आणि पुन्हा तरंगायला लागतो. हळूहळू परत भरेपर्यंत आठवडाभर तरी तो इमानाने काम करतो. धाकट्याने तो तसाच, भोकासकट, नेऊन बसवला. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. वहिनीने हात जोडले. धाकट्याच्या बाजूने एवढं मान्य करायला हवं की त्याने काहीही बिघडवलं नाही. त्याने फक्त दुरुस्त केलं नाही. या दोन गोष्टींत जो बोटभर फरक आहे त्यावर तो पुढचे दोन महिने आरामात झोपत होता.

इंजिन बरं चालायचं, मग पुन्हा धूर, पुन्हा गळती, पुन्हा बोलावणं. दर खेपेला धाकटा यायचा, सगळं सोडवायचा, सुई चकचकीत करायचा, प्लग घासायचा, फ्लोट घरी नेऊन कढत पाण्याची अंघोळ घालायचा आणि परत आणून बसवायचा. वहिनीला त्याचा कष्टाळूपणा दिसायचा.

"तुमचे किती उपकार, भाऊजी."

"उपकार कसले? घरचंच काम. फक्त सुरू करायच्या आधी झाकण उघडून वारा जाऊ द्या हां. वाफ साचली तर भडका व्हायचा."

एवढं तो प्रत्येक वेळी न चुकता सांगायचा. एवढी माणुसकी त्याने राखली होती, आणि मनातल्या जमाखर्चात ती जमेच्या बाजूला मांडलीही होती.

दादाची एक रीत होती. इंजिन सुरू करण्याआधी तो स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कार्बोरेटरच्या वाटीवर ठक ठक करायचा. अडकलेली सुई त्याने सुटते. वहिनीने ती रीत तशीच पुढे चालवली, मात्र ती ठकठक अशा हलक्या हाताने करायची की जणू दाराआड कुणी आजारी माणूस झोपलंय. पलीकडच्या दवाखान्यातली नर्सबाई रोज त्याच बोटीने जायची. ती एकदा म्हणाली, "काय हो, आत कोण आहे? उघडतात का दार?"

"उघडतात की. जरा उशिरा उघडतात."

"मी रोज उशिरा पोचते. आता पेशंटलाच इकडे बोलावून घेते. तुमच्या बोटीत तपासते एकेकाला."

"पोचवते हो बाई. इंजिन रुसलंय, मी नाही रुसले."

सगळी बोट हसली. धाकटा धक्क्यावर हात पुसत उभा होता. तोही हसला, पण त्याच्या मनातलं गणित पुढे सरकत नव्हतं. दुसरी कुणी असती तर एव्हाना कंटाळली असती. ही बाई धुरात खोकत, गळतं पेट्रोल फडक्याने टिपत, मधेच बंद पडलं तर वल्हं मारत, रोज बोट नेत होती आणि रोज परत आणत होती. प्रवासीही तिला सोडून जाईनात. एवढा चिवटपणा त्याने खर्चाच्या बाजूला धरलाच नव्हता.

एका दुपारी धाकटा वर्कशॉपच्या दारात डबा खात बसला होता. डबा घेऊन आलेली बायको शेजारच्या खोक्यावर टेकली होती. एवढ्यात वहिनी आली. टोपी मागे सरकवलेली, चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू.

"भाऊजी, एक गंमत सांगू? तुमच्या दादाचं इंजिन सुधारलं."

"म्हणजे?"

"तेल प्यायचं सोडलं त्याने. हे असताना दर दोन-चार दिवसांनी तेल ओतावं लागायचं. आता मी रोज सकाळी तेल मोजायची पट्टी काढून बघते, तेल खाली जातच नाही. उलट वर चढतंय! खुणेच्या वर बोटभर आलंय. देवाला दया आली म्हणायची. एक खर्च तरी वाचला."

धाकट्याचा घास हातातच राहिला.

ते इंजिन तेलपितं होतं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. दादाने बायकोला शिकवलं ते एवढंच, की पट्टीवर तेल खुणेखाली गेलं की भरायचं. वर गेलं तर काय करायचं, हे त्याने शिकवलं नाही, कारण त्याच्या हयातीत ते कधी वर गेलंच नाही. आणि इथे पेट्रोलची टाकी कार्बोरेटरच्या वर, तिच्या नळीचा कॉक रात्रंदिवस उघडा. फ्लोट भरला की पेट्रोल वाटीतून इंजिनात, इंजिनातून खाली तेलाच्या तळात. पट्टीवर चढत होतं ते तेल नव्हतं. ते तेलात मिसळलेलं पेट्रोल होतं. असलं पातळ पाणी बेअरिंगला काय सांभाळणार?

हे सगळं धाकट्याला घास गिळण्याआधीच कळलं. कॉक बंद करा, तेल बदला, आणि मी फ्लोट बदलतो, एवढं बोललं की काम झालं असतं. पण फ्लोट बदलतो म्हटलं की वहिनी विचारणार, फ्लोटला काय झालंय? आणि मग, हे तुम्हाला कधी कळलं? शिवाय फ्लोट बदलला की इंजिन सुतासारखं सरळ चालणार, आणि 'नाही जमलं तर' हे तीन शब्द कायमचे निकालात निघणार. त्याने मनात तोलून पाहिलं. वहिनी दमली होती. आज ना उद्या, फार तर आणखी एखादा आठवडा. बोट हाती आली की पहिलं काम तेल बदलण्याचं. तेवढं इंजिन तग धरेल.

"बरंय," तो म्हणाला आणि घास तोंडात टाकला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. डब्याचं झाकण तिने तो जेवत असतानाच लावायला घेतलं.

त्याचा अंदाज चुकला नाही. तो आठवडा संपायच्या आत वहिनी संध्याकाळी घरी आली, खुर्चीवर बसली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नाही जमत, भाऊजी. काल अर्ध्या खाडीत बंद पडलं. एका पोटुशीला वेणा सुरू झालेल्या. मी वल्हं मारतेय, नर्सबाई तिचा हात धरून बसलीय, आणि ती बिचारी मलाच म्हणतेय, घाबरू नका. मला लाज वाटली. माणसांचा जीव माझ्या हौसेवर टांगायचा का? बोट तुम्ही घ्या. तुमच्या हातात ते सरळ चालेल."

धाकट्याने घसा साफ केला. आनंद दिसू नये म्हणून तोंड शक्य तितकं उतरवलं. "तुम्ही म्हणाल तसं, वहिनी. उद्याच ताब्यात घेतो."

"उद्या नको, परवा. उद्या एकदाच मला नेऊ द्या. कुणालाच घेणार नाही. ह्यांना भरती चढताना, प्रवाहाविरुद्ध, खाडीच्या तोंडापर्यंत पूर्ण वेगात जायला आवडायचं. तेवढी फेरी मारते आणि किल्ली आणून देते."

पूर्ण वेगात. प्रवाहाविरुद्ध. त्या पेट्रोलमिश्रित तेलावर. धाकट्याच्या तोंडून "नको" बाहेर पडायच्या बेतात होतं. पण नको का, हे सांगावं लागलं असतं. आणि नवऱ्याच्या आठवणीत एक शेवटची फेरी मागणाऱ्या बाईला नाही म्हणणारा माणूस कसा दिसला असता? एकच तर फेरी.

"जा की," तो म्हणाला. "सावकाश जा."

"सावकाश जायचं तर कशाला जायचं?" वहिनी हसली.

दुसऱ्या दिवशी धाकटा वर्कशॉपमध्ये बसून खाडीकडे कान लावून होता. ठक ठक त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी ऐकू आल्यासारखं वाटलं. इंजिन सुरू झालं. बोट सुटली, वेग चढत गेला, आणि पाण्यावरून येणारा तो आवाज इतका मोकळा होता की क्षणभर दादाच खुर्चीवर बसलाय असं वाटावं. मग त्या आवाजात एक टोला मिसळला. खोल, लोखंडी, कुणीतरी आतून हातोडा मारतंय असा. धाकटा उठून उभा राहिला. टोले वाढले. वहिनीला ते ऐकू गेले नसणार. तिला वाटलं असेल, पूर्ण वेगात असाच आवाज येतो. शेवटी एकच मोठा तडाखा झाला आणि खाडी गप्प झाली.

वाळू वाहणाऱ्या एका होडीने बोट ओढत धक्क्याला आणली. धाकट्याने खोक्याचं झाकण उघडलं. इंजिनाच्या पोटाला मूठ जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि त्यातून पिस्टनच्या दांड्याचं तुटलेलं टोक बाहेर आलं होतं. बुडाशी काळं पातळ तेल पसरलं होतं. त्याला येणारा पेट्रोलचा वास धक्क्यावर उभ्या असलेल्या बायकोपर्यंत पोचला.

वहिनी फळीवर बसली होती. टोपी तिने काढून हातात धरली होती.

"काय झालं हो, भाऊजी? खरं सांगा."

"तेल पातळ झालं होतं. बेअरिंग खाल्लं. दांडा तुटला."

"पातळ? पण मी रोज बघत होते. चढलं होतं की..." ती थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर एक एक गोष्ट उमटत गेली. "चढत होतं ते पेट्रोल होतं का?"

"हो."

"आणि मी खूश होत होते. तुम्हाला बोलले होते ना मी? तेल चढतंय म्हणून? वर्कशॉपपाशी? की नुसतं मनात म्हणाले? माझ्या डोक्याचं हल्ली काही खरं नाही."

ही संधी होती. दुसरी येणार नव्हती. धाकट्याने भगदाडात पाहिलं, मग धक्क्यावरच्या आपल्या बायकोकडे. ती दूर पाण्याकडे बघत होती.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "बोलल्या असतात तर मी तिथल्या तिथे इंजिन बंद करायला लावलं असतं."

"हो. तुम्ही लावलंच असतं," वहिनी म्हणाली. तिने टोपी तोंडाशी धरली आणि रडायला लागली. "ह्यांनी उभा जन्म जपलं. मी एका वर्षात मारलं."

त्या रात्री बायको त्याच्याशी एकच वाक्य बोलली. ताट वाढता वाढता म्हणाली, "तिला आठवत नसेल. मला आठवतंय." मग पुढे कित्येक दिवस ती त्याच्याशी गरजेपुरतंच बोलत राहिली. पण वहिनीला तिनेही काही सांगितलं नाही. नवऱ्याला चव्हाट्यावर आणायचं तर आपल्यालाही तिथेच उभं राहावं लागेल, हा हिशेब तिचाही पक्का होता.

बोट धाकट्याच्या नावावर झाली. जुनं इंजिन भंगारात गेलं. त्याच्या जागी डिझेलचं बसवायला वर्कशॉपमधलं लेथ मशीन विकावं लागलं. फुटक्या फ्लोटचं काम संपलं होतं. धाकट्याने तो धड फ्लोटच्या शेजारी, त्याच डब्यात टाकला. वरून दोन्ही अगदी सारखे दिसायचे. तो आता उंच खुर्चीवर बसतो. तोंडावर वारा लागतो, पण खाडीचे काठ त्याला आपल्या मालकीचे वाटत नाहीत, कारण चढताना प्रवासी अजून म्हणतात, "दादाची बोट आली," आणि उतरताना म्हणतात, "येतो रे, धाकट्या." नर्सबाई तर चढल्या चढल्या विचारते, "वहिनी परत कधी चालवणार?" आणि उत्तराची वाट न बघता मागच्या फळीवर जाऊन बसते.

वहिनी धक्क्यावरच असते. नुकसान माझ्यामुळे झालं, तर ते भरून काढायला नको का, असं म्हणून ती रोज सकाळी येते. बोट किनाऱ्यावर ओढली की गुडघ्यावर बसून तळाला चिकटलेले शिंपले खरवडते, डांबर लावते, रंग देते. धाकट्याने पहिल्या दिवशी "कशाला वहिनी, राहू द्या" असं म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी जरा हळू म्हटलं. तिसऱ्या दिवसापासून तो डांबराचा डबा आधीच काढून ठेवायला लागला. बोट निघायच्या आधी ती खोक्याचं झाकण उघडते, वारा जाऊ देते आणि दादाच्या स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने इंजिनावर ठक ठक करते. डिझेलच्या इंजिनाला कार्बोरेटर नसतो. धाकट्याने ते तिला सांगितलेलं नाही. झाकण लावताना ती दरवेळी विचारते, "तेल बघितलंत ना, भाऊजी?" आणि तो दरवेळी हो म्हणतो.

एकूण काय, तर दादाचं इंजिन गेलं, धाकट्याचं लेथ गेलं, आणि बायकोचं नवऱ्याशी मोकळं बोलणं गेलं. बाकी सगळं वहिनीने भरलं, रोज थोडं थोडं, गुडघ्यावर बसून, आणि जे तिने कधी घेतलंच नव्हतं ते.